उत्तरेतला उन्हाळा सरताना दलदलीवर उतरणारे वेडर्स: सगळेच तपकिरी, ओळखायचे कसे?

पाणकणीस

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

पक्षी बघायला लागून मला दीडेक वर्ष झालंय. झाडावरचे पक्षी आता बऱ्यापैकी जमतात, बदकंही जमतात, म्हणून ऑगस्टमध्ये एका गोड्या पाण्याच्या दलदलीवर जायला सुरुवात केली आणि तिथे सगळा कॉन्फिडन्स अक्षरशः पाण्यात गेला. काठाच्या चिखलात सत्तर-ऐंशी छोटे वेडर (चिखलात नाहीतर उथळ पाण्यात चालत खाणारे पक्षी), सगळे तपकिरी, सगळे मान खाली घालून टोचतायत, कोणी एक सेकंद उभं राहील तर शपथ. पुस्तक उघडलं तर त्यात प्रत्येकाचे दोन फोटो, एक उन्हाळी पिसारा आणि एक हिवाळी, आणि माझ्यासमोरचा पक्षी त्या दोन्हींसारखा दिसत नाही. तीन रविवार गेले आणि माझ्या वहीत "लहान तपकिरी" आणि "जरा मोठा तपकिरी" अशा दोनच जाती आहेत.

दुसरं म्हणजे मधल्या आठवड्यात दोन दिवस चांगला पाऊस झाला आणि पुढच्या रविवारी गेले तर एकही नाही! चार बदकं आणि एक बगळा. इतक्यात गेले का सगळे? आणि मुळात तिकडे उत्तरेत उन्हाळा अजून संपलेला नसताना हे लोक स्थलांतराला निघतात तरी कशाला?

माझ्याकडे ८ × ४२ ची दुर्बीण आहे. स्कोप (तिवईवर लावायची मोठी एकनळी दुर्बीण) नसेल तर या नादाला लागूच नये असं एकाने सांगितलं, खरं आहे का ते पण सांगा.

चिखलवेडा

धागा योग्य विभागात आहे आणि प्रश्नही एकदम योग्य वेळी आलाय. सवडीने लिहितो, लांबलं तर सांभाळून घे.

आधी "इतक्या लवकर का निघतात" ते घेऊ, कारण ते कळलं की ओळखायचं अर्धं काम होतं. यातले बरेचसे पक्षी पार उत्तरेला, टुंड्रात नाहीतर त्याच्या खालच्या दलदलीच्या जंगलात वीण करतात. तिथला उन्हाळा म्हणजे जेमतेम दोन-अडीच महिने. घरट्यात बहुतेक वेळा चार अंडी, आणि पिल्लं बाहेर आली की काही तासांत स्वतःच्या पायावर चालत स्वतःचं खाणं टिपायला लागतात, आईबापाने चोचीत आणून भरवायची भानगड नाही. म्हणजे मोठ्यांना तिथे फार थांबायची गरजच उरत नाही. ज्यांची वीण फसली ते तर जून संपतासंपताच परतीला लागतात. मग जोडीतला एक जण निघतो, कुठल्या जातीत मादी आधी तर कुठल्या जातीत नर (कर्ल्यू सँडपायपरचा नर अंडी उबवतच नाही, सगळ्यात आधी पसार होतो तो तोच, त्यामुळे जुलैत विटकरी लाल रंगातला दिसला तर बहुधा नरच असतो). मग दुसरा निघतो. पोरं मागे राहतात, खाऊन तयार होतात आणि काही आठवड्यांनी निघतात, वाट दाखवायला कोणी मोठं सोबत असेलच असं नाही. लांब जाणाऱ्या बहुतेक सँडपायपरमध्ये हेच चालतं. याचं मला अजूनही नवल वाटतं. २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांच्या एका बार-टेल्ड गॉडविटने (हाही वेडरच) अलास्काहून उडून थेट टास्मानिया गाठलं, १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, मध्ये कुठेही न उतरता. पाठीवर ट्रान्समीटर होता म्हणून कळलं. आयुष्यातला पहिलाच प्रवास बरं का.

तर आता तुझ्या चिखलाकडे येऊ. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिथे दोन पिढ्या मिसळलेल्या असतात. मोठे पक्षी म्हणजे उन्हाळाभर वापरलेला सदरा, कडा झिजलेल्या, रंग विटलेला, मधेच एखादं नवं करडं पीस, म्हणूनच ते तुझ्या पुस्तकातल्या दोन्ही फोटोंच्या अधेमधे कुठेतरी बसतात. आणि यंदाची पोरं म्हणजे कोऱ्या कपड्यातली, एकूण एक पीस एकाच वयाचं, प्रत्येकाला फिकट रेखीव कड, त्यामुळे पाठ खवल्याखवल्यांची दिसते. म्हणून पक्षी दिसला की आधी नाव शोधायला जाऊ नकोस. आधी बघ, मोठा की यंदाचा? ते ठरलं की पुस्तकातलं योग्य चित्र उघडता येतं. बऱ्याच पुस्तकांत ज्युवेनाइलचं (म्हणजे यंदाच्या पोराचं) चित्र कोपऱ्यात बारीकसं दिलेलं असतं, या दिवसांत कामाचं तेवढंच.

"जरा मोठा तपकिरी" मध्ये तुझे बहुधा तीन तुतवार (सँडपायपर) एकत्र झालेत. कॉमन सँडपायपर: बूड सतत वरखाली हलतं, उभा असला तरी हलतं, आणि छातीच्या बाजूने पांढऱ्याची एक पाचर खांद्यासमोर वर चढलेली असते. ती पाचर दिसली की विषय संपला. उडताना पाण्याला लागून, पंख ताठ धरून, थरथर थरथर मग तरंग, असा जातो. वूड सँडपायपर: पाठीवर फिकट ठिपके, पाय पिवळट, भुवई पांढरी आणि डोळ्याच्या पार मागेपर्यंत गेलेली. ग्रीन सँडपायपर: अंगाने थोडा भरलेला, पाठ गडद, डोळ्याच्या पुढेच काय ती पांढरी रेघ, मागे नाही, आणि उडाला की काळ्या पंखांमध्ये कंबर इतकी पांढरीशुभ्र चमकते की लांबून पाकोळीच वाटावी. पंखाखालचा भाग पण बघ, ग्रीनचा काळपट, वूडचा फिकट. (ग्रीनची गंमत म्हणजे चिखलातला हा पक्षी अंडी घालतो झाडावर, कस्तुर वगैरेंच्या जुन्या घरट्यात.)

पाऊस आणि गायब झालेले पक्षी यावर रात्री लिहितो, आता निघायला लागतंय.

शेकाट्या

वरची पोस्ट प्रिंट काढून दुर्बिणीच्या पिशवीत ठेवण्यासारखी आहे.

मी फक्त आवाजाचं सांगतो. या तिघांना मी आता बघतच नाही जवळजवळ, उडतानाची हाक ऐकतो. वूड "चिफ-इफ-इफ" असं कोरडं, एका सुरात. ग्रीन "ट्लुईट-वीट-वीट", चढत जाणारं, लाडिक. कॉमनची बारीक शिट्यांची माळ, पाण्यावरून लांब जाताजाता विरते. ग्रीनशँक नावाच्या जरा मोठ्या वेडरचे तीन खणखणीत "टू-टू-टू" तर दाराआडून ऐकले तरी कळतात. मोबाईलवर रेकॉर्डिंग ऐकून जा, पण घरी ऐकून जा, तिथे स्पीकरवर वाजवत बसू नकोस प्लीज.

पाणकणीस

चिखलवेडाकाका (काका चालेल ना?) इतकं लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. ते "आधी वय मग नाव" डोक्यातच आलं नव्हतं. फोटो परत काढून बघितले तर खवल्याखवल्यांचे खरंच निघाले की बरेच! पण मग "लहान तपकिरी"चं काय? ते तर चिमणीएवढे आहेत.

संध्याकाळची_फेरी

चिमणीएवढे म्हणजे स्टिंट, आपले टिलवे. लिटल स्टिंट आणि टेमिंक्स स्टिंट हे दोन सगळ्यात जास्त गोंधळ घालतात, यात माझी एक फजिती सांगतेच, बाकीच्यांनी हसून घ्या.

दोघांतला पुस्तकी फरक सोपा आहे. लिटलचे पाय काळे, यंदाच्या पोरांच्या पाठीवर पांढऱ्या रेघांचा व्ही, आणि चाल म्हणजे नुसती धावपळ, इकडून तिकडे शिलाई मशीन चालवल्यासारखं टोचत. टेमिंक्सचे पाय पिवळट-हिरवट, पाठ सपाट करडी-तपकिरी, छातीही तशीच, लांबून कॉमन सँडपायपरचं पिल्लू वाटावं असा, आणि चाल सावकाश, गुडघे मोडून, गवताच्या कडेकडेने. उडाला तर शेपटीच्या बाजू पांढऱ्या दिसतात.

तर मला एकदा एका कोपऱ्यात एकटा स्टिंट दिसला, पाय स्वच्छ फिकट, पिवळट म्हणता येतील असे. मी अर्धा तास बघितला, फोटो काढले, ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची साईट) टेमिंक्स म्हणून टाकला, ग्रुपवर पण टाकला, चार लोक दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिकडे गेले. त्यातल्या एकाचा फोन आला, "ताई, तुमचा टेमिंक्स आत्ताच पाण्यात उतरला आणि पाय काळे झाले." वाळलेला चिखल होता हो! राखाडी-पिवळा चिखल पायावर मोज्यासारखा चढून सुकला होता. पाठीवरचा व्ही माझ्याच फोटोत ढळढळीत दिसत होता पण मी पाय धरून बसले होते. ग्रुपवर अजून कोणी स्टिंट टाकला की कोणीतरी हमखास विचारतं, पाय धुतलेत का.

तात्पर्य वगैरे नाही, पण एका खुणेवर नाव ठोकू नकोस गं. पाय, पाठ आणि चाल, तिन्ही जुळू देत. नाहीच जुळले तर वहीत "स्टिंट" एवढंच लिही, त्यात काही कमीपणा नाही.

दुर्बीणबाज

स्कोपबद्दल. ज्याने सांगितलं स्कोप नसेल तर नादाला लागू नका त्याला म्हणावं तू घेऊन दे. ८ × ४२ उत्तम आहे, पहिले दोन सीझन तीच वापर. स्कोपने लांबचे पक्षी जवळ येतात हे खरं, पण उन्हाळ्यात दहा-अकरा वाजले की चिखलावरून गरम हवा उठते आणि स्कोपमधून सगळा काठ उकळल्यासारखा हलतो, मग तू ६० पट झूम लाव नाहीतर काहीही लाव, पक्षी मोठा दिसणार नाही, हलणारा ठिपका मोठा दिसेल. माझ्या स्कोपला २० ते ६० आहे आणि नव्वद टक्के वेळा मी २५-३० वरच असतो. तेव्हा पैसे खर्च करण्याआधी वेळ बदल. उजाडता उजाडता जा, आणि सूर्य पाठीमागे राहील अशी जागा धर. सूर्य समोर असेल तर जगातला प्रत्येक वेडर काळा असतो.

आणि एक, फिरू नको. लोक अख्ख्या तळ्याला चक्कर मारतात. एका जागी बूड टेकून, खाली बसून, अर्धा-पाऊण तास. पक्षी खात खात काठाने सरकत असतात, तुझ्यासमोरून जातातच.

झूमराजा

एवढं काय त्यात, मी तर गमबूट घालून सरळ चिखलात उतरतो. उडतात एकदा, मग पन्नास मीटरवर जाऊन परत बसतात, फोटो मस्त येतात. बसून राहून कधी फ्रेम भरते का?

चिखलवेडा

झूमराजा, फ्रेम भरते तुझी, पण त्याचं पोट भरायचं राहतं त्याचं काय? तो पक्षी तिथे हवापालटाला आलेला नाही. वीसेक ग्रॅमचा टिलवा पुढच्या टप्प्यासाठी चरबी साठवत असतो, काही जाती तर मोठी झेप घ्यायच्या आधी वजन जवळपास दुप्पट करतात. तू त्याला दिवसात दहादा उडवलंस की साठवलेलं तिथल्या तिथेच खर्च. आणि तो जिथून उठला तीच जागा सगळ्यात चांगली होती, म्हणून तर तो तिथे होता. शिवाय त्या चिखलाचा भरवसा नाही, वरून वाळलेला दिसतो आणि आत मांडीपर्यंत जातो. माझा एक बूट अजून तिथेच आहे, पंधरा वर्षं झाली.

आता पाणकणीस, तुझा पावसाचा प्रश्न. (काका चालेल.)

समुद्रकाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक असतं, पक्षी कधी कुठे असतील ते सांगता येतं. गोड्या पाण्याच्या दलदलीत तसलं काही नाही. तिथे चालतं ते पाण्याच्या पातळीवर, आणि ती पातळी उन्हाने उतरते नि पावसाने चढते. छोट्या वेडरचे पाय असे किती लांब? त्याला ओला चिखल हवा किंवा फार तर तीन-चार सेंटीमीटर पाणी. ग्रीनशँक, मार्श सँडपायपर, शेकाटे जरा खोलात जातात, पण दहा-पंधरा सेंटीमीटरच्या पुढे पाणी गेलं की बहुतेकांचं दुकान बंद. आणि दलदलीचे काठ फार उथळ असतात. समज उतार शंभराला एक आहे, तर पाणी एक सेंटीमीटर उतरलं की एक मीटर रुंद चिखल उघडा पडतो. उलटही तेवढंच खरं. दोन दिवसांच्या पावसाने पाणी दहा सेंटीमीटर वर आलं असेल तर दहा मीटर रुंदीचा अख्खा पट्टा पाण्याखाली गेला, म्हणजे तुझे सत्तर-ऐंशी पक्षी जेवत होते ते ताटच बुडालं. ते स्थलांतर करून गेले असतील किंवा दुसऱ्या कुठल्या उघड्या चिखलावर गेले असतील, दोन्ही शक्य आहे.

ताटात असतं काय, तर मुख्यतः चिलटासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्या. त्यातल्या कित्येक लालभडक असतात, कारण त्यांच्यात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, ऑक्सिजन कमी असलेल्या चिखलात त्यावरच निभावतात. काठाला बसलीस तर काडीने एक ढेकूळ फोडून बघ, रेशमाच्या लाल दोऱ्याचा तुकडा वळवळल्यासारखं दिसेल. नुकताच उघडा पडलेला चिखल याने भरलेला असतो, आठवडाभर उन्हात वाळून भेगा पडल्या की संपलं. म्हणून पक्षी नेहमी पाण्याच्या रेघेला धरून असतात आणि रेघ सरकेल तसे सरकतात. पाणलावा तेवढा याला अपवाद, तो गवतात दबून चोच मुळापर्यंत खुपसतो, आणि चोचीचं फक्त टोक आतल्या आत उघडून अळी धरू शकतो. तो तुला बहुधा दिसणार नाहीच, पायाखालून वाकडातिकडा उडेल आणि तुझी किंकाळी फुटेल.

तेव्हा एक काम कर. काठावर एखादा ठळक दगड किंवा खुंट धर आणि दर वेळी त्यापासून पाणी किती पावलांवर आहे ते वहीत लिही. पक्ष्यांची नावं नाही आली तरी चालेल, हे लिही. पाणी मागे सरकायला लागलं की परत येतील, त्याच नाहीत पण दुसऱ्या तुकड्या. हे पक्षी बहुतेक रात्री प्रवास करतात, त्यामुळे काल रिकामी असलेली जागा आज सकाळी भरलेली असू शकते, रात्रीच्या पावसाने एखादी तुकडी खाली उतरवली असली तर जास्तच.

शेकाट्या

अजून एक. सगळा काठ एकदम उठला, टिटव्या ओरडायला लागल्या, तर पक्षी कुठे चाललेत ते बघायच्या आधी वर बघ. पेरेग्रिन ससाणा असतो. तोही याच दिवसांत त्यांच्या मागोमाग येतो. एकदा उठलेला थवा परत बसतो तेव्हा मोजायला सगळ्यात सोपा, दहा मोजायचे, ते दहा किती जागा खातात ते डोळ्यात धरायचं आणि मग दहा-दहाने पुढे जायचं.

संध्याकाळची_फेरी

हो, आणि कडक उन्हात साचलेल्या पाण्याच्या कडेला मान टाकून बसलेले, उडता न येणारे पक्षी किंवा एका ठिकाणी बरेच मेलेले दिसले तर हात लावू नकोस. या दिवसांत कोमट, कुजक्या पाण्यात बॉट्युलिझम नावाची विषबाधा होते, मेलेल्या पक्ष्यावर अळ्या होतात, त्या अळ्यांत विष साठतं, त्या दुसरा पक्षी खातो आणि तोही जातो, असं चक्रच लागतं. जागा, जाती, आकडा लिहून घे आणि वनखात्याला कळव, मेलेले उचलले तरच ते चक्र तुटतं. पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी साय दिसली तर सोबतच्या कुत्र्याला पण पाणी पिऊ देऊ नका.

झूमराजा

बरं बरं, चिखलात नाही उतरत. पण पंधरा वर्षांपूर्वीचा बूट सापडला तर फोटो टाकीन.

पाणकणीस

अपडेट द्यायला आलेय!

तीन आठवडे गेले मध्ये. खुंट धरला होता, पहिल्यांदा पाणी खुंटाला टेकलेलं, पक्षी शून्य. पुढच्या रविवारी चार पावलं, दोन चिखल्या (प्लोव्हर) आणि एक कॉमन सँडपायपर (पाचर दिसली, पाचर!!). आणि काल अकरा पावलं. उजाडायच्या आत जाऊन बसले, सूर्य पाठीला, डास सगळीकडे. आधी काहीच दिसेना, नुसते आवाज, आणि एक "ट्लुईट-वीट-वीट" असं डोक्यावरून गेलं की मी मोठ्याने "ग्रीन" म्हणाले, ऐकायला कोणी नव्हतं. मग उजेड आला तेव्हा समोर दहा-दहाने मोजून साधारण साठ. तेरा वूड मी खात्रीने लिहिलेत, आणि मला वाटतं तेराही यंदाचेच होते, पाठीवरचे ठिपके अगदी टाचणीने टोचल्यासारखे स्वच्छ. आठ पक्षी "स्टिंट" एवढंच लिहून सोडले.

पण नववा माझ्यापासून दहा-बारा मीटरवर आला, एकटाच होता. पाय फिकट! पिवळट! चाल मात्र शिलाई मशीन. पाठ दिसत नव्हती, सतत तोंड माझ्याकडे. वीस मिनिटं मी हलले नाही, डाव्या पायाला मुंग्या आल्या.

संध्याकाळची_फेरी

मग??

पाणकणीस

मग पाण्यात उतरला.

संध्याकाळची_फेरी

काळे?

पाणकणीस

काळे. 😄